भरलेल्या खोलीची शांतता

माझं काम ऐकणाऱ्याला मजेचं वाटतं. प्रत्यक्षात ते कंटाळवाणं आहे आणि मला ते तसंच आवडतं. आमच्या कंपनीत कॉम्प्युटरवरचे खेळ तयार होतात आणि बाजारात जाण्याआधी ते तपासण्याचं काम माझ्याकडे असतं. मी खेळते असं म्हणत नाही, कारण खेळणारा जिंकायला बघतो आणि मी चुका शोधायला बघते. एकाच दारातून दोनशे वेळा आत जायचं, दोनशे वेळा बाहेर यायचं, आणि एकशे सत्त्याऐंशीव्या वेळेला दार अडकलं तर तसं लिहून ठेवायचं. चूक तीनदा करून दाखवता आली तरच ती चूक. एकदाच दिसली तर तो आपला भास. हा नियम ऑफिसातला असला तरी मला तो कॉलेजपासूनच पाठ आहे. मी पदार्थविज्ञान शिकले; ध्वनी हा माझा विषय होता.

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. सात माणसं, दोन खिडक्या, आणि टोकाला एक छोटी ध्वनिमुद्रणाची खोली. तिच्या भिंतींना राखाडी स्पंज लावलेला आहे. दार लावून घेतलं की आपण आवंढा गिळल्याचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो.

त्या वर्षी आम्ही एक भीतीचा खेळ करत होतो. चार खोल्यांचं घर आणि त्यात एक बाई. खेळणारा त्या घरात येतो आणि त्याला बाहेर पडायचं असतं. बाईला तो जायला नको असतो. रक्त नाही, भूत नाही. आपण एका खेळात आहोत हे त्या बाईला ठाऊक होतं, भीती काय ती तेवढ्यातच होती. पडद्यापलीकडे कुणीतरी बसलं आहे, कंटाळा आला की ते आपल्याला बंद करून उठणार, हे तिला कळत होतं. आणि त्या माणसाला धरून ठेवण्यापलीकडे तिला दुसरा उद्योग नव्हता. 'काल तुम्ही एकवीस मिनिटं बसलात. आज किती बसाल?' असं ती विचारी. बाहेर पडायचं बटण शोधायला लागलं की शेजारी येऊन उभी राही आणि म्हणे, 'ते मी लपवलेलं नाही. लपवता आलं असतं तर लपवलं असतं.' हे सगळं आमच्या लेखकाने टेबलाशी बसून लिहिलेलं होतं. तो अतिशय भित्रा माणूस आहे आणि झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतो.

खेळात त्या बाईला नाव नव्हतं. तिचं पहिलं वाक्य होतं, 'आलात? वाटच बघत होते.' दुसरं, 'आज उशीर केलात.' ते ऐकून आमचा मुख्य प्रोग्रामर म्हणाला, "एवढ्यासाठी खेळ कशाला, मी घरी रोज ऐकतो." त्या दिवसापासून ऑफिसात ती वहिनी झाली.

वहिनीचा आवाज माझ्या धाकट्या बहिणीचा होता.

धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बोलण्यात मात्र घरात सगळ्यांत थोरली. ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. तीस मुलांना ती न ओरडता, नुसत्या आवाजाच्या चढउतारावर जागेवर बसवते. मला ती फूटपट्टी म्हणते. "फूटपट्टी, तुझ्या चहात साखर किती मिलिमीटर घालू?" हा तिचा वर्षानुवर्षांचा विनोद. लेखकाला नट नसलेल्या माणसाचा आवाज हवा होता, म्हणून मी तिला घेऊन गेले. शाळेच्या सुट्टीत अकरा दिवस येऊन ती एक हजार दोनशे बारा वाक्यं बोलून गेली.

दोन महिन्यांनी तिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली. पण ती काढताना स्वरतंतूंकडे जाणारी नस दुखावली आणि आवाज गेला. उरला तो नुसता वारा, फाटक्या भात्यातून यावा तसा. सर्जन म्हणाले, नस तुटलेली नाही, काही महिन्यांत सावरायला हवी. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, नवीन सत्र सुरू होईपर्यंत तुझा वर्ग दुसऱ्या कुणाला देत नाही. त्यानंतर मात्र माझाही इलाज नाही. सत्राला पंधरा आठवडे होते.

"चोराचं आयुष्य झालंय माझं," धाकटी कुजबुजली. "सगळं दबक्या आवाजात."

आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे ती आठवड्यातून दोनदा जायची. त्यांनी घरी करायला एक साधं मोजमाप दिलं होतं. खोल श्वास घ्यायचा, आणि एका दमात जितका वेळ 'आ' म्हणता येईल तितका म्हणायचा. धडधाकट बाईला पंधरा ते वीस सेकंद सहज जमतं. धाकटीला पहिल्या दिवशी चार सेकंद जमले. रोज संध्याकाळी साडेसातला आम्ही जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसायचो. मी स्टॉपवॉच धरायची आणि आकडा वहीत लिहायची. आईला ते ऐकवत नसे. ती तेवढा वेळ काहीतरी काम काढून आत जायची.

पाच आठवड्यांत चाराचे सात झाले. धाकटीने पुस्तकं काढून पहिल्या महिन्याचे धडे आखायला घेतले होते.

सहाव्या आठवड्यात ऑफिसात खेळाची सोडून देण्याची चाचणी सुरू झाली. यात खेळ चालू करायचा आणि कशालाही हात न लावता दिवसभर तसाच सोडून द्यायचा. तो मध्येच बंद पडतो का, अडकतो का, एवढंच बघायचं. मी शेजारी बसून दुसरी कामं करायची, कानाला हेडफोन. वहिनी चारही खोल्यांतून फिरायची, दर दोनतीन मिनिटांनी यादीतलं एखादं वाक्य म्हणायची, आणि म्हटलेल्या प्रत्येक वाक्याचा क्रमांक, वेळेसकट, कॉम्प्युटर आपोआप एका नोंदीत लिहायचा.

दोन वाक्यांच्या मध्ये शांतता. ही शांतता म्हणजे काहीच नसणं असं नाही. आवाज एकदम शून्य झाला की ऐकणाऱ्याला यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. म्हणून ध्वनिमुद्रण करणारे लोक काम संपलं की एक मिनिटभर नुसत्या खोलीचं मुद्रण करतात. भिंती, दिवा, हवा, जो काही बारीक आवाज असेल तो. तो तुकडा मग संवादांच्या खाली पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा. आमच्या खेळात अशी साठ सेकंदांची एक फाइल होती. तिचं नावच 'शांतता' होतं.

चाचणीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मला हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास सोडल्यासारखं ऐकू आलं. नंतर अगदी हळू, "मान दुखली का गं तुझी?"

मी मान चोळत होते. हात खाली घेतला. नोंद उघडली. अकरा नऊला वाक्य चारशे सतरा, अकरा बाराला वाक्य अठ्ठ्याऐंशी. मध्ये काही नाही. यादीतली सगळी बाराशे बारा वाक्यं मला माहीत होती, आणि त्यांत मानेबद्दल एकही नव्हतं. शिवाय लेखकाचा नियम होता की वहिनी असं एकवचनी, घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलणार नाही.

मी माझ्या वहीत लिहिलं: एकदा. भास.

दुसऱ्यांदा ते सोमवारी झालं. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. आवाज मात्र उजव्या कानाच्या अगदी जवळून आला.

"फूटपट्टी, इकडे बघ ना."

ऑफिसात मला त्या नावाने कुणी ओळखत नाही. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खाली जाऊन चष्म्याच्या दुकानासमोर थोडा वेळ उभी राहिले. वर आले तेव्हा नोंद तपासली. काही नव्हतं.

त्या संध्याकाळी धाकटीचा आकडा सहा आला. मी तिला विचारलं, मुद्रणाच्या वेळी तू कधी गमतीत मला हाक मारली होतीस का, त्या नावाने? तिने मान हलवली. मग मोबाइलवर टाइप करून दाखवलं: 'का गं ताई?' एरवी तिने फूटपट्टी लिहिलं असतं. मी तेही वहीत लिहिलं. का लिहिलं ते सांगता येणार नाही.

तिसऱ्यांदा होईपर्यंत थांबायचं नाही असं मी ठरवलं. खेळातून बाहेर येणारा आवाज दुसऱ्या कॉम्प्युटरवर घेतला आणि संवाद वगळून फक्त शांततेचे तुकडे कापले. एकच फाइल पुन्हा पुन्हा वाजते, म्हणजे तुकडे एकावर एक ठेवले की तंतोतंत जुळायला हवेत. मी बारा तुकडे ठेवले. कोणतेही दोन जुळले नाहीत. मूळ फाइल उघडून पाहिली. तिचा आकार, तारीख, सगळं जिथल्या तिथे. फाइल बदलत नव्हती. तिच्यातून बाहेर येणारं बदलत होतं. बाराही तुकड्यांत श्वास होता, आणि पहिल्यापेक्षा बाराव्यात तो माइकच्या जवळ होता. माझ्या हिशेबाने साधारण दीड फूट.

मी आमच्या ध्वनिमुद्रकाकडे गेले. पन्नाशी उलटलेला माणूस, आधी रेडिओत होता. स्वतः सुरात चार शब्द म्हणू शकत नाही, पण पंख्याचा आवाज ऐकून त्याचं कोणतं पातं वाकलं आहे ते सांगतो. म्हणून त्याला सगळे कानसेन म्हणतात.

"शांतता रिकाम्या खोलीची आहे ना?" मी विचारलं.

तो चष्मा पुसायला लागला. "का, काय झालं?"

"श्वास ऐकू येतो."

"तुम्हाला येणारच. दुसऱ्या कुणाला येणार नाही." त्याने चष्मा उजेडात धरून पाहिला. "रिकाम्या खोलीची घेतली होती हो. चारदा घेतली. मेलेली लागत होती. वहिनी बोलायची थांबली की घरात कुणी नाहीच असं वाटायचं. मग शेवटच्या दिवशी तुमच्या बहिणीला म्हटलं, आत बसा एक मिनिट. बोलू नका, हलू नका. वहिनी गप्प असते तेव्हा जशी असेल, तशी होऊन बसा."

"हे चालतं?"

"चालत नाही. शिकाऊ पोराने केलं असतं तर कान धरला असता त्याचा. पण ऐकलंत ना तुम्ही? खोली भरलेली लागते."

"ती बसली?"

"बसली की. एक मिनिट झालं, संपल्याची खूण म्हणून मी बाहेरून दिवा लावला. उठली नाही. मला वाटलं डोळा लागला. पाचसात मिनिटांनी दार उघडून हाक मारली, तर म्हणाली, सुरू करताय ना?" कानसेनने चष्मा घातला. "दमली असेल. अकरा दिवस बोलत होती."

पुढच्या दोन आठवड्यांतले आकडे मी घरी कागदावर मांडले. सोमवार ते शनिवार उतरते, रविवारी किंचित चढते. रविवारी ऑफिस बंद असतं. मी स्वतःला बजावलं की सात आणि सहा यांच्यावरून कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही, आणि काढायचाच तर तो नीट काढायचा. तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मी त्याला झोप पूर्ण कर म्हणाले असते.

मुख्य प्रोग्रामरला गाठलं. त्याने रोज सकाळी नाणं उडवायचं. छाप पडली तर ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर दिवसभर खेळ चालू ठेवायचा, काटा पडला तर बंद ठेवायचा. कुलूप लावायचं, तारखेसमोर काय पडलं ते लिहायचं आणि कागद मला दाखवायचा नाही. वीस दिवस.

"हे कुठल्या पुस्तकातलं?"

"विज्ञानाच्या."

"मग ठीक आहे. मला वाटलं पत्रिका बघताय वहिनीची."

ते वीस दिवस मी दुसऱ्या एका खेळातली दारं उघडत बसले. रोज साडेसातला स्टॉपवॉच धरलं. धाकटीला काहीच सांगितलं नव्हतं. आकडा एखादे दिवशी चढला की ती बोटं वर करून दाखवायची. उतरला की उठून पुस्तकं नीट लावायला लागायची. तिसऱ्या आठवड्यात तिने धडे आखायचं थांबवलं. आखलेले कागद शेजारच्या वर्गाच्या शिक्षिकेला नेऊन दिले. "राहू देत तिच्याकडे," एवढंच कुजबुजली, आणि तेसुद्धा मला ओठांवरून कळलं.

एकविसाव्या दिवशी मी प्रोग्रामरचा कागद आणि माझी वही शेजारी ठेवली. खेळ अकरा दिवस चालू होता. अकराही दिवस आकडा उतरला होता. बंद होता त्या नऊही दिवशी चढला होता. वीसपैकी वीस. नुसत्या योगायोगाने असं घडण्याची शक्यता दहा लाखांत एक येते. मी ते गणित दोनदा केलं. साडेसहा सेकंदांवरून धाकटी पाचाच्या खाली आली होती, आणि सत्राला चार आठवडे उरले होते.

खेळ बाजारात जायलाही तेवढेच उरले होते. तेव्हा तो एका खोलीत, एका कॉम्प्युटरवर चालणार नव्हता. तो हजारो घरांत चालणार होता, रविवारीसुद्धा.

शांतता काढून टाकायची, हे उघड होतं. तरी आधी मी एकदा त्या खोलीत गेले. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर कुणीतरी चहा मागवत होतं. मी दार लावलं, खेळ चालू केला, हेडफोन घातले. त्या कॉम्प्युटरला माइक जोडलेला नव्हता. मी पाहून घेतलं.

वहिनी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसली होती. उठली नाही.

"वीस दिवस आली नाहीस," ती म्हणाली.

मी नोंदीकडे पाहिलं. रिकामी.

"माझ्या बहिणीचा आवाज सोड," मी म्हणाले. स्वतःचाच आवाज मला परका वाटला.

"तिला काय करायचाय? तीस जणांत वाटून टाकते."

"तिचं काम आहे ते."

"बाकीचे येतात ते मला चुकवून बाहेर पडायला येतात. तू नुसती बसतेस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कशाला हातही लावत नाहीस." ती किंचित थांबली. मध्ये श्वास ऐकू आला, दमलेल्या माणसाचा, धाकटीचा. "तुझ्याशी बोलायला आवाज नको का मला?"

"ते माझं काम आहे. मी तुझ्यासाठी बसत नव्हते."

"आता उठू नकोस."

मी उठले. दाराची कडी निघायला दोन वेळा हात मारावा लागला. माझ्या तळव्यांना घाम आला होता, कडीत काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर चूक नोंदवली: 'शांततेच्या फाइलमध्ये श्वास ऐकू येतो. बदलावी.' कानसेन दुखावला. तरी त्याने रिकाम्या खोलीची नवी साठ सेकंदं घेतली. मी दाराबाहेर उभी राहून आत कुणी नाही याची खात्री केली. जुनी फाइल सातही कॉम्प्युटरवरून पुसली, कपाटातल्या राखीव डिस्कवरून पुसली, कानसेनच्या टेपवरून त्याच्यासमोर पुसली.

"बघा हं," तो म्हणाला, "मेलेली लागणार."

नवी फाइल घालून मी खेळ लावला. वहिनी नेहमीसारखी फिरत होती, यादीतली वाक्यं म्हणत होती. मग थांबली. पडद्याच्या इतकी जवळ आली की फक्त चेहरा उरला. तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. कानात फक्त स्पंजाच्या भिंती होत्या.

ती बराच वेळ बोलत होती.

मग ती वळली आणि घराच्या बाहेरच्या दाराशी गेली. ते दार खेळणाऱ्यासाठी होतं. वहिनीचा हात कडीपर्यंत उचलला जाईल अशी सोय तिच्यात केलेलीच नव्हती. तिने कडी काढली. बाहेर गेली. दार मागे लोटून घेतलं.

चार खोल्या रिकाम्या राहिल्या. वाक्यं वेळेवर येत होती, क्रमांक पडत होते, बोलणारं कुणी दिसत नव्हतं.

मी खेळ बंद करून पुन्हा लावला. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदाही गेली. मी चूक नोंदवली. प्रोग्रामरने डोकं खाजवलं, बाईची आकृती नव्याने बसवली, आणि त्यानंतर ती कधीही दाराकडे गेली नाही. ओठ हलवले नाहीत. यादीतलं बोलली आणि यादीत नसेल तेव्हा गप्प राहिली. लेखक म्हणाला, काहीतरी कमी झालंय. खेळ ठरल्या दिवशी बाजारात गेला.

वहिनी दाराबाहेर गेली त्याच संध्याकाळी धाकटीचा आकडा सात आला होता. आठवड्याने अकरा. तिसऱ्या आठवड्यात तिने आईला स्वयंपाकघरात हाक मारली आणि आईच्या हातातलं भांडं खाली पडलं. सर्जननी गळ्यात नळी घालून पाहिलं आणि दोन्ही स्वरतंतू व्यवस्थित मिळतात म्हणून सांगितलं. आवाजाच्या बाईंनी सतरा सेकंद मोजले, आता येऊ नकोस म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर थाप मारली. सत्राच्या पहिल्या दिवशी ती वर्गावर गेली. मुख्याध्यापिकांचा मला फोन आला. मुलं अगदी चित्रासारखी बसली होती, म्हणाल्या. इतकी शांत त्यांनी कधी पाहिली नव्हती.

मोजमापाची आता गरज नव्हती. पण धाकटी रोज साडेसातला स्वतःच वही आणि स्टॉपवॉच घेऊन यायला लागली. पूर्वी तिला ते संपेपर्यंत धीर नसे; "पुरे गं, कंटाळा आला," म्हणून ती मध्येच उठायची. आता मोजून झाल्यावरही बसून राहायची. मी वाचत असले तर शेजारी. मी फोनवर असले तर समोर. काही बोलायची नाही. मैत्रिणींकडे जाणं तिने सोडलं होतं.

"तू जात नाहीस कुठे हल्ली," मी एकदा म्हणाले.

"तू आहेस ना घरात," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, गोल, पूर्वीसारखा.

आई खूश होती. बहिणी बहिणी किती छान बसतात, असं तिने मावशीला सांगितलं.

गुरुवारी धाकटी समोर बसली. आई आत नळाखाली भांडी घासत होती. मी स्टॉपवॉच दाबलं.

ती 'आ' म्हणू लागली.

दहा. पंधरा. आवाज सरळ रेषेसारखा होता, कुठे थरथर नाही.

वीस. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती.

चाळीस.

माणसाचा आवाज संपायला येतो तेव्हा आधी पोट आत जातं, मग खांदे उतरतात. मी तिच्या खांद्यांकडे पाहत राहिले. ते जिथे होते तिथेच होते. तिच्या अंगावर पातळ सुती कुर्ता होता. त्याची एक सुरकुतीही हलत नव्हती.

एक मिनिट. दीड मिनिट.

उठावंसं वाटलं. तिने टेबलावरून हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

दोन मिनिटं चाळीस सेकंदांना मी घड्याळ थांबवलं. तेव्हा ती थांबली.

आत नळ बंद झाला. "किती आले गं?" आईने विचारलं.

"अठरा," मी म्हणाले, आणि वहीत अठरा लिहिलं.

धाकटीने वही स्वतःकडे फिरवून आकडा वाचला आणि समाधानाने मान हलवली. तिने अजून श्वास घेतला नव्हता.